बेदाण्यांच्या पिशवीची गाठ

॥ श्री ॥

सातारा,
१९ जानेवारी २०२५

चि. सम्मेद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

छप्पन्न वर्षांच्या माणसाला चिरंजीव म्हणताना हात थोडा अडखळतो. पण मी तुझा अकरा महिन्यांनी मोठा मामेभाऊ आहे, आणि आयुष्यात मिळालेला हा एकमेव मोठेपणा सोडायचा माझा विचार नाही.

पत्रास कारण गंभीर आहे. संक्रांतीला तू पाठवलेली बेदाण्यांची पिशवी मंगळवारी पोहोचली आणि शुक्रवारी उघडली. पिशवीच्या तोंडाशी तू जे काही करून ठेवलं होतंस त्याला नुसतं गाठ म्हणणं बरं दिसत नाही. तुझ्या रूपालीवहिनीने आधी नखांनी, मग विणायच्या सुईने प्रयत्न केला. शेजारचे निवृत्त सुभेदार आले. फौजेत असल्या पुष्कळ पाहिल्यात असं म्हणत त्यांनी दात लावले आणि कवळी सांभाळत परत गेले. जाताना, तुमचा भाऊ सारंग होता म्हणता, तर सारंग म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. जहाजाच्या डेकवरचा खलाशांचा मुकादम. दोर, रंग आणि गंज ही तिन्ही खाती त्याच्याकडे, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मग बरोबर आहे म्हणाले.

रूपाली कात्री आणायला निघाली तेव्हा मी आडवा आलो. बत्तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या माणसाची गाठ कात्रीने सोडवायची असेल, तर मी तेवढीच वर्षं पोरांना संधी सोडवायला कशाला शिकवलं? शेवटी शुक्रवारी शाळेतून आल्यावर डोक्यात उजेड पडला. आम्ही सगळे ती ओढत होतो. मी ती मागून हलकेच ढकलली आणि ती सैल पडली. ग्रंथी सुटायला जन्मोजन्म लागतात असं आपले मुनिमहाराज सांगतात. मला तीन दिवस लागले, आणि वर बेदाणे मिळाले. तरीही निषेध नोंदवून ठेवतो.

आता दुसरी बाब. परवा तुझ्या घरून पद्मावतीचा फोन आला होता. तुझ्याशी फोनवर बोलण्यात अर्थ नाही हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तू वीस सेकंदांत हवापाणी सांगतोस, ओव्हर म्हणतोस आणि ठेवून देतोस. समोरचा माणूस किनाऱ्यावर बोंबलत राहतो. म्हणून हा कागद. तर तिचं म्हणणं असं, की तासगावच्या त्या शीतगृहातल्या तुझ्या राखणदारीला फेब्रुवारीअखेर नऊ महिने होतात, आणि तुझे डोळे आतापासून खुंटीवरच्या बॅगेकडे वळायला लागलेत. मालक भला माणूस आहे, काम सावलीतलं आहे, तेव्हा भाऊजींनी दोन शब्द सांगावेत.

ते दोन शब्द मी आजवर चार वेळा सांगितले आहेत. साखर कारखान्याचं धुराडं रंगवायच्या कामावर तू टोळीचा मुकादम होतास. नऊ महिने झाल्यावर कारखान्याने हातापाया पडूनही थांबला नाहीस. मग त्या मंडपवाल्याकडे. तिथे तू मंडप असे बांधलेस, की लग्नं होऊन नवरानवरी नांदायला लागली तरी मंडप सुटेनात. नंतर त्या शाळेच्या बसवर पोरं चढवायचं-उतरवायचं काम होतं. बरं चाललं होतं, पण दर शनिवारी तू चाळीस पोरांना मागच्या खिडकीतून उड्या मारायला लावायचास आणि खाली उतरल्यावर हजेरी घ्यायचास. जहाज बुडताना असं करतात, हे मुख्याध्यापकांना पटलं; तासगाव–कवठे रस्त्यावर बस कशी बुडेल एवढंच त्यांना कळेना. जत्रेतल्या मोठ्या पाळण्याबद्दल तर मी लिहीतच नाही. दर अर्ध्या तासाला पाळणा थांबवून सगळे नटबोल्ट तपासणारा माणूस त्या मालकाने जन्मात पाहिला नसेल.

तर शीतगृहात थांब. दहावा महिना कसा असतो तो एकदा बघ तरी.

काकडी-वांग्यासारखा लोभ वजन करून देऊ नये, सढळ असावा.

तुझा,
भरतेश

•

तासगाव,
३० जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. गाठ तीनच दिवसांत सुटली हे वाचून वाईट वाटलं. सुभेदारांच्या कवळीला काही झालं न्हाई ना ते कळीव. पण ढकलून सुटते हे तू आपलं आपण हुडकलंस, शाबास! माझ्या हाताखाली असतास तर दोन वर्षांत सुकाण्याचं काम दिलं असतं तुला.

नऊ महिन्यांचं तू लय वेळा विचारलंस, मी हसून सोडून दिलं. आता लिवतो. जहाजावर चढलं की पहिल्या महिन्यात सगळा गंज दिसतो. कुठं पत्रा फुगलाय, कुठली साखळी खाल्लीय, सगळं डोळ्यात खुपतं. मग माणूस घासतो, रंगवतो. पण नवव्या महिन्याच्या पुढं गंज दिसायचा बंद होतो. असतो तिथंच, पण डोळ्याला सवय लागते. म्हणून माणूस बदलायचा आणि नवा डोळा आणायचा. शीतगृहाच्या पाठीमागच्या दाराची बिजागरी मी जूनमध्ये आल्या आल्या बघितली हुती, दोन दिवसांत बदलून घेतली. परवा बघतो तर दुसरी गेलेली, कवा गेली मला पत्ता न्हाई. म्हंजे माझी येळ झाली. पद्मावतीला हे सांगून कळत न्हाई. ती म्हणती, माझ्याबी तोंडाची सवय झाली का काय तुमच्या डोळ्याला!

तर अठ्ठावीस फेब्रुवारीला साइन ऑफ. पुढं काय म्हणून विचारशील. आपल्या गावच्या देवळापुढच्या मानस्तंभाचं काम घेतलंय. बारा वर्षं झाली. महावीर जयंतीला वरच्या चौमुखी भगवंतांचा अभिषेक हाय, त्याच्या आधी खांब वरपासनं खालपर्यंत घासून, भेगा भरून, छत्री रंगवून द्यायची. कमिटीचे नानासो आले हुते, पहाड, म्हंजे बांबूची परांची, बांधू म्हणत हुते. मी न्हाई म्हणलं. बांबू लागून घोटीव दगडाला ओरखडे पडतात. मागच्या बारीला रजेवर आलेलो तवा दोराला फळी टांगून त्या फळीवर बसून केलंच की मी. एक्केचाळीस फूट म्हंजे काय, आमच्या डोलकाठीच्या निम्मं न्हाई. आणि दादा, वरनं जे दिसतं ना, एका अंगाला द्राक्षाच्या बागा, दुसऱ्या अंगाला कुंडलचा डोंगर, ते एकदा बघायचंय मला पुन्हा.

तुझ्या साताऱ्यात पोवई नाक्याच्या पुढं जोतीरामची खानावळ हाय, तिथं जा एकदा. आमच्या जहाजावर भंडारी हुता, स्वयंपाक त्याच्याकडं. माझ्या पहिल्या सफरीत बटाटा न्हाई, कांदा न्हाई म्हणणारा माणूस बघून सगळा क्रू हसला. ह्यो एकटा हसला न्हाई. चाळीस दिवस माझा वरणभात येगळ्या भांड्यात शिजवला. तुझ्याच तिथं ऱ्हातो आणि तुला ठाऊक न्हाई म्हंजे काय. दुसरा आमचा बिरदेव. जतचा, मेंढरामागनं उठून आलेला, सुकाण्यावर हुता. आता तिकडंच पाण्याचा टँकर चालवतो. लोक म्हणतात टँकर वळणावर एक थेंब सांडत न्हाई. कसा सांडंल, हात कुणी तयार केलाय!

वयनींना नमस्कार. तुझी माया हाय ती असू दे, मागून घ्यायची येळ आणू नको.

तुझा,
सम्मेद

•

॥ श्री ॥

सातारा,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सम्मेद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गंजाबद्दलचा तुझा सिद्धांत मी दोनदा वाचला. त्यावर खंडन सुचलं नाही याचा राग येऊन पत्राला पंधरा दिवस लावले.

जोतीरामकडे गेलो होतो. दारावर पाटी नाही, आत भिंतीवर जहाजाचा फोटो आणि त्याखाली एक पितळी घंटा. जेवण तयार झालं की ती वाजते आणि अर्धा नाका गोळा होतो. मी तुझं नाव घेतलं मात्र, त्याने हातातला झारा खाली ठेवला. सारंगचा भाऊ, म्हणजे चष्मेवाला मास्तर का, असं विचारलं. म्हणाला, तुमची पत्रं आली की सारंग दोन दिवस कुणाला शिव्या देत नव्हते. दोन-दोन महिन्यांनी एजंटाकडून पाकिटांचा गठ्ठा यायचा, आणि तू त्यातलं माझं आधी हुंगायचास म्हणे. शाईचा वास बघायचास की काय, ठाऊक नाही. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. तुझी उत्तरं माझ्याकडे बिस्किटाच्या चार डब्यांत आहेत. कुठल्या तरी बंदरातून एकदा तू फक्त एवढंच लिहिलं होतंस, की आज दिवसभर पाऊस, रंगकाम बंद, आणि आपल्या विहिरीवरच्या उंबराची आठवण आली. त्या एका ओळीवर मी त्या वर्षी पोरांना निबंध लिहायला दिला होता.

मानस्तंभाचं कळल्यावर जोतीरामने मला तुमच्या धंद्यातल्या दोन गोष्टी ऐकवल्या, त्या इथे उतरवतो. पहिली ही, की फळीवर जो बसणार, त्यानेच आपली गाठ बांधायची. दुसऱ्याने बांधून दिलेल्या गाठीवर कप्तानाने हुकूम दिला तरी बसायचं नाही. आणि खाली उतरताना एका मुठीत दोन्ही दोर आवळून धरायचे, दुसऱ्या हाताने गाठ थोडी थोडी सैल करायची. त्या एका मुठीत माणसाचा जीव असतो. हे सांगताना त्याने पीठ लागलेली डावी मूठ माझ्या नाकासमोर धरली. दुसरी गोष्ट तुझ्या नऊ महिन्यांशी जुळणारी. जहाज सोडणारा माणूस जागा नुसती सोडून जात नाही. येणाऱ्यासाठी वहीत सगळं लिहून ठेवतो, कुठला पंप कसा कुरकुरतो इथपर्यंत. येणाऱ्याने वाचून सही केली की मगच जाणारा शिडी उतरतो. मला हे फार आवडलं. आमच्या शिक्षण खात्यात असं असतं तर मुख्याध्यापक इतके वेगाने आले-गेले नसते.

तुझ्या वर चढण्याचं मला नवल नाही. लहानपणी उंबरावर तू, देवळाच्या कळसाशी तू, गावच्या टाकीवर तू. आणि प्रत्येक ठिकाणी खाली तुझ्या चपला हातात धरून मी. एकदा बाबा आले आणि तुझ्या वाटणीच्या दोन मला बसल्या, कारण चपला माझ्या हातात होत्या. पण तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. पहाड बांधू दे नानासोंना. दगडाला चार ओरखडे पडले तर भगवंत रागावणार नाहीत, ते वीतराग आहेत.

एक मागणं आहे. मेअखेर मी शाळेतून सुटतो. इतकी वर्षं तुझ्या पत्रांमधून मी जगभर फिरलो, पण खरं मोठं जहाज जवळून कधी पाहिलं नाही. जूनमध्ये पाऊस धरायच्या आत मला मुंबईच्या गोदीत घेऊन चल. लांबून दाखव, चालेल. कुठला दोर कशाला, ते सांग. मी वहीत लिहून घेईन.

तुझ्या मायेवर माझा जुना हक्क आहे, त्याची आठवण असावी.

तुझा,
भरतेश

•

तासगाव,
६ मार्च

ती. भाऊजी यांस,
पद्मावतीचा नमस्कार वि. वि.

तुमी शाळेतले, तवा माझ्या लिवण्यातल्या चुका बघू नका. ह्ये पत्र ह्यांना न सांगता लिवतीय. फोनवर बोलावं तर ह्ये घरातच असत्यात.

अठ्ठावीस तारखेला काम सोडलं. मालकांनी शाल घातली, त्यांच्या डोळ्याला पाणी आलं, ह्यांच्या आलं न्हाई. ते जाऊ द्या. भाऊजी, ह्यांचं काय तरी बिनसलंय. महिन्यात दोन कप फुटले. कपाचा कान तेलकट हुता म्हणत्यात. तेलकट कसा, मी घासती की. मागल्या पंधरवड्यापासनं बटणाचा सदरा घालत न्हाईत, गळ्यातनं घालायची बंडीच घालत्यात. सकाळची थंडी हाय तरी. सकाळी अंगणात दोर घेऊन बसत्यात, मी चहा घेऊन गेले की दोर पायाखाली सारत्यात आन पेपर वाचत्यात. पेपर कालचा असतोय.

सोमवारी नवा दोर आणायला मिरजेला जातो म्हणून गेले. दिवस मावळताना आले, मोकळ्या हातानं. दुकान बंद हुतं म्हणाले. सोमवारी मिरजेत दोराचं दुकान बंद असतंय व्हय? आन कपड्याला दवाखान्याचा वास येत हुता. मी इचारलं तर वसकन अंगावर आले. मग माझं मलाच वाईट वाटलं, कारण लगीच उठले आन न जेवताच झोपले. बत्तीस वर्षांत नऊ नऊ महिने घरात नसायचे तवा मला एवढं एकटं वाटलं न्हाई.

एप्रिलच्या दोन तारखेला वर चढणार म्हणत्यात. माझं ऐकायचे न्हाईत. तुमी मोठे हाय. रूपालीताईंना काय बी सांगू नका, त्यांच्या पोटात ऱ्हात न्हाई.

आमच्यावर नजर असू द्या, आमी तुमचीच माणसं हाय.

आपली,
सौ. पद्मावती

•

तासगाव,
२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिवतोय. नव्या हंगामाचे बेदाणे पाठवतोय, पहिल्या शेडवरचे हायेत. वयनींना म्हणावं, सुई काढू नका.

पिशवीत एक वही हाय. वाचून ठेव. तसं विशेष काही न्हाई, सवयीनं लिवली. एवढी वर्षं कुठनं निघालो आणि वही लिवली न्हाई असं झालं न्हाई. माघारी सही करून पाठीव म्हंजे झालं.

पहाडाचं नानासोंनी पुन्हा काढलं. मी म्हणलं, बारा वर्षांपूर्वी मीच गेलो, आता दुसरं कोण जाणार? मग पहाडाचं तिथंच ऱ्हायलं. दोर आला. दोन तारखेला सकाळी चढायचं. तीन दिवसांत काम उरकतं, दहा तारखेला अभिषेक.

मुंबईच्या गोदीचं म्हणलास. बघू.

बिरदेव परवा येऊन गेला. टँकर दारात उभा करून चहा प्याला. केस लय पिकलेत त्याचे. मला म्हणाला, सारंग, तुमी बारीक झालाय. मी म्हणलं, तुला पाणी वाहून वाहून सगळंच फुगलेलं दिसायला लागलंय. हसला लय.

लोभ हाय ठाऊक हाय. तरी असू दे.

सम्मेद

•

सातारा,
२४ मार्च २०२५

प्रिय सम्मेद,

आज आशीर्वादाचा मायना घातलेला नाही, तो विसरलो म्हणून नव्हे.

तुझं पत्र परवाच आलं होतं, पिशवी आज दुपारी आली. टपालवाल्याने ती ओट्यावर ठेवली तेव्हा मी तयारीने बसलो होतो. सुभेदारांनाही हाक मारली होती, कारण या वेळी त्यांना कवळी काढून ठेवून पुन्हा झुंज द्यायची होती. मी दोरीचं टोक हातात घेतलं, आणि ते नुसतं हातात आलं. गाठ एका ओढीत सुटली. ढकलावीही लागली नाही. सुभेदार हसले, म्हणाले, तुमचे सारंग म्हातारे झाले. मी हसलो नाही. ती दोरी तासभर हातात घेऊन बसलो. तीन ठिकाणी ती गाठीसाठी दुमडलेली होती आणि तिन्ही ठिकाणी आवळल्याचा ठसा नव्हता. तू बांधायचा प्रयत्न केलास, पण तुला ती आवळता आली नाही. शेवटी लहान पोरं बुटाच्या नाडीला घालतात तसली सुरगाठ मारून पाठवून दिलीस. मी चष्मेवाला मास्तर आहे, पण तुझी अक्षरं आणि तुझ्या गाठी मी चाळीस वर्षं वाचत आलोय.

पद्मावतीने मला काहीही कळवलेलं नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो. कुठला हात आहे, डावा ना? उजव्याचं अक्षर तर शाबूत आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला सांगू नकोस हवं तर, पण तिला सांग. ती फुटलेल्या कपांचा हिशेब लावत बसली आहे, आणि तिचा हिशेब खऱ्यापेक्षा वाईट येतोय.

आता वहीबद्दल. वाचली. पद्मावतीच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या डब्यात, सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली. मोटर चालू करताना आधी दोनदा थोपटायची. मागच्या दाराची कडी उचलून मग ओढायची. द्राक्षाच्या दिवसांत पहाटे फवारणीचा वास येतो, तेव्हा तिला खोकला होतो, खिडकी लावून घ्यावी. घासूनपुसून लिहिलंयस, कुठे खाडाखोड नाही. आणि शेवटच्या पानावर, पेटीतल्या वरच्या खणात दादाची पत्रं आहेत, ती त्याची त्याला परत द्यावीत. खाली सहीसाठी रेघ मारून तिच्यावर माझं नाव.

ही वही परत पाठवतोय. सही केलेली नाही. तुमचाच नियम आहे, येणाऱ्याने सही केल्याशिवाय जाणाऱ्याने शिडी उतरायची नाही. मी चार्ज घेत नाही. मोटर तूच थोपट.

मघाशी जोतीरामकडे जाऊन आलो. त्याला फक्त दोरी दाखवली. त्याने ती पिठाच्या हाताने चाचपली, घंटेखालच्या खिळ्याला अडकवली. मग म्हणाला, जहाजावर सारंग स्वतः कधी फळीवर बसत नाहीत. ते खाली डेकवर उभे राहतात, वर बघतात आणि वरच्या माणसाच्या आईबापाचा उद्धार करतात. बिरदेवला फळीवर बसायला तूच शिकवलंस, असंही म्हणाला. तिथूनच त्याने बिरदेवला फोन लावला. तो एक तारखेला टँकर दुसऱ्याच्या हाती देऊन येतोय. आपली गाठ तो आपण बांधेल, आणि तू खाली उभा राहून ती चुकीची आहे असं चार वेळा सांगशील. नानासोंना मी फोन केला. बिरदेव आमचा घरचा माणूस आहे एवढंच सांगितलं, बाकी काही नाही.

मला माहीत आहे, तुला वरून द्राक्षाच्या बागा बघायच्या आहेत. त्या दिसणार नाहीत. याबद्दल मी तुला काही गोड लिहिणार नाही. पण खाली उभं राहणं हेही एक काम आहे, सम्मेद. मान दुखते, ऊन लागतं, वरच्याचा पाय हलला की हातातल्या चपला आवळल्या जातात, आणि कुणी शाबासकी देत नाही. मी हे काम पन्नास वर्षं केलंय. एक तारखेच्या दुपारच्या गाडीने येतोय. तुला शिकवतो.

जूनमध्ये मुंबईला जायचं ते जायचंच. तू आयुष्यात मला कधी ‘बघू’ म्हणाला नव्हतास. एकतर हो म्हणायचास, नाहीतर ओव्हर. त्या शब्दानेच मी आधी दचकलो, गाठीने मग.

बाकी इथे सर्व ठीक. रूपालीला अजून काही सांगितलेलं नाही. ती बेदाणे निवडतेय आणि या वेळी गाठ सोपी होती म्हणून तुझं कौतुक करतेय.

इतकी पत्रं लिहिली, पण एक गोष्ट मी कधी थेट लिहिली नाही. आज लिहितो. तू वर असायचास तेव्हा मला पडण्याची भीती कधी वाटली नाही, कारण तुझ्या हातांवर माझा विश्वास होता. आता मला भीती वाटते. दोन तारखेला तू माझं न ऐकता फळीवर बसलास, तर तुझ्या चपला माझ्या हातात राहतील, आणि त्या घेऊन मी पद्मावतीसमोर कसा जाणार ते मला माहीत नाही.

तुझा,
भरतेश